आजीचा पुतळा आणि झाडूंची खोली

दोन माणसं झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत अडकून बसली आहेत. खोली कसली, उभं राहिलं तर खांद्याला खांदा लागावा आणि बसलं तर गुडघे कुठे ठेवायचे असा प्रश्न पडावा, एवढीच जागा. दाराला बाहेरून कुलूप, आणि त्याची किल्लीही बाहेरच, भिंतीवर टांगलेली. संग्रहालय कधीच बंद झालं आहे. दालनांमधून पहारेकऱ्यांच्या बुटांचा आवाज ठराविक वेळाने जवळ येतो आणि लांब जातो. आतला माणूस भिंतीची मापं घेतो, खिशातून एक दणकट लोहचुंबक काढतो आणि आतल्या बाजूने भिंतीवरून सावकाश फिरवायला लागतो. पलीकडे किल्ली जागची सुटते आणि भिंतीला चिकटून सरपटत दाराकडे निघते. शेजारची बाई श्वास रोखून बघते आहे. किल्ली तिला दिसत नाही. तिला दिसतो आहे तो त्याचा हात.

विल्यम वायलर यांच्या 'हाउ टू स्टील अ मिलियन' या १९६६ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. बाई म्हणजे निकोल बॉने, ही भूमिका ऑड्री हेपबर्नची. पुरुष सायमन डरमॉट, म्हणजे पीटर ओटूल. शहर पॅरिस. चोरायचा आहे एक छोटा संगमरवरी पुतळा, आणि तो निकोलच्याच घरचा आहे.

ही पुस्तिका हातात घेऊन तुम्ही चित्रपट बघायला बसणार आहात, त्यामुळे आधीच सांगते की कथा मी बरीचशी सांगून टाकणार आहे. चोरीच्या चित्रपटाची कथा आधी सांगणं म्हणजे जादूगाराच्या बाहीत हात घालण्यासारखं, हे मला कळतं. पण हा चित्रपट मी आजवर सात-आठ वेळा तरी पाहिला असेल, आणि पुढे काय होणार हे पाठ असूनही त्या झाडूंच्या खोलीत मी प्रत्येक वेळी तेवढीच अवघडून बसते. तेव्हा रहस्य फुटलं म्हणून याचं काही बिघडत नाही असा माझा अनुभव आहे.

पहिल्यांदा पाहिला तो आत्याकडे, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. आत्याला इंग्रजी संवाद निम्मेअधिक कळत नव्हते, मी मध्ये मध्ये सांगत होते. "ती कुणाचा पुतळा चोरते आहे?" आत्याने विचारलं. मी म्हटलं, "त्यांचाच आहे. तिच्या आजोबांनी केलेला. आणि आजोबांनी तो आजीला समोर बसवून केला होता." आत्या एकदम सरसावून बसली. "अगं, मग चोरी कसली? आजीला घरी आणते आहे ती."

आत्याच्या या वाक्यात किती आहे ते मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. तिच्याकडे तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, एक ठुशी होती. एकदा वाढवून घ्यायची म्हणून सराफाकडे नेली, त्याने कसोटीच्या दगडावर मणी घासून पाहिला आणि नुसती मान हलवली. मणी पितळेचे, वर मुलामा. आजीला हे ठाऊक होतं की नव्हतं, कुणाला सांगता येणार? आत्याने ती ठुशी मोडीत टाकली नाही. पुन्हा मुलामा देऊन घेतली आणि गौरी-गणपतीला, हळदीकुंकवाला ती घालत राहिली. कुणी विचारलंच तर "आईची आहे" म्हणायची. सोन्याची आहे असं ती कधी म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही.

निकोलच्या घरी नेमकं हेच आहे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. तिचे वडील शार्ल बॉने नकली चित्रं काढतात. व्हॅन गॉग, सेझान, ज्याची म्हणाल त्याची. वरच्या मजल्यावर चोरकप्प्यातून आत गेलं की त्यांचं चित्रघर. चित्र काढून झालं की त्या कॅनव्हासवर त्या काळातली धूळ बसावी म्हणून हा गृहस्थ कोण खटपट करतो. आपण घेतो एवढे कष्ट खुद्द व्हॅन गॉगनेही घेतले नसते, असं ते अभिमानाने लेकीला सांगतात. त्यांना घ्यायची गरजच नव्हती, ते व्हॅन गॉग होते, असं लेक उलटून सांगते. पूर्ण चित्रपटात बाप-लेकीचं नातं इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सांगितलेलं नाही. तिला बापाचा धंदा मान्य नाही, बाप मात्र जीव की प्राण आहे. ह्यू ग्रिफिथ या वेल्श नटाने हा बाप रंगवला आहे: पिंजारलेल्या भुवया, बटाट्यासारखे डोळे आणि लहान मुलाने चित्र काढून दाखवावं तसा आनंद. याच नटाला वायलर यांच्याच 'बेन-हर'साठी ऑस्कर मिळालं होतं.

भानगड सुरू होते ती बापाच्या हौसेपायी. घरातली एक 'व्हीनस' त्याने एका संग्रहालयाला प्रदर्शनापुरती देऊ केली. मूर्तिकार कोण, तर सोळाव्या शतकातला फ्लॉरेन्सचा बेनव्हेनुतो चेलिनी. निदान जगाची तशी समजूत आहे. खरं म्हणजे ती निकोलच्या आजोबांनी केलेली, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली होती आजी, तीही दुपारचं भरपेट जेवण सुरू होण्याआधीच्या वयातली. पुतळ्याचा विमा उतरवला जातो दहा लाख डॉलरचा. बॉनेसाहेब कागदावर सही करून मोकळे होतात. मग विमा कंपनीचा माणूस शांतपणे सांगतो की या सहीने तुम्ही तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायलाही मान्यता दिली आहे. तज्ज्ञ येणार, पुतळा दगडाच्या वयावरून ओळखणार आणि बाप तुरुंगात जाणार. उरतो एकच मार्ग. तपासणीच्या आधी पुतळा संग्रहालयातून नाहीसा झाला पाहिजे.

मदतीला एकच माणूस निकोलच्या ओळखीत आहे. काही दिवसांपूर्वी मध्यरात्री तिच्या घरात शिरलेला चोर. निळ्या डोळ्यांचा, उंच, उत्तम शिवलेल्या सुटातला. व्हॅन गॉगची तसबीर त्याच्या हातात होती. तिने भिंतीवरचं जुनं पिस्तूल रोखलं, ते चुकून उडालं, दंडाला खरचटलं. पोलिसांना बोलवायची सोय नाही, कारण पोलीस आले तर भिंतीवरच्या चित्रांची चौकशी होणार. मग त्या जखमी चोराला त्याच्याच पिवळ्या जॅग्वारमधून त्याच्या हॉटेलवर पोहोचवायला तीच निघते. हॉटेल कुठलं, तर रिट्झ. चोर नकली आहे हे प्रेक्षकाला निकोलच्या बरंच आधी कळतं. तो खोट्या कलाकृती हुडकून काढणारा तज्ज्ञ आहे आणि त्या रात्री तिच्या बापाचीच चौकशी करायला आला होता.

आता बघा, या घरातलं सगळंच खोटं आहे. चित्रं खोटी, पुतळा खोटा, चोर खोटा. निकोल त्याला खरं कारण सांगत नाही आणि तोही तिला आपण कोण ते सांगत नाही. तरी ती म्हणते, एवढी चोरी करून दे, आणि तो का म्हणून विचारत बसत नाही. मला हा चित्रपट एवढा प्रिय का, त्याचं उत्तर इथे आहे. प्रेमात पडलेली माणसं पडद्यावर बोलतात फार. इथे एक माणूस कारण न विचारता आपला हुद्दा, नाव, अब्रू सगळं पणाला लावतो. पुढे झाडूंच्या खोलीत निकोलला कळतं की पुतळ्याचं खरंखोटं त्याला आधीपासून ठाऊक होतं. मग हे सगळं कशासाठी, असं ती विचारते. उत्तर तो शब्दांत देत नाही.

आपल्या भाषेत असल्या आखून केलेल्या चोरीला नेमका शब्द नाही. चोरी आहे, घरफोडी आहे, डल्ला मारणं आहे. दरोडा म्हणावं तर कायद्याने त्याला पाच माणसं लागतात, आणि इथे तर दोघंच. पण मराठीने चोरीच्या शब्दाला प्रेमाच्या इतक्या वाटा करून दिल्या आहेत की तेवढ्यावर भागतं. आपण चोरून भेटतो, चोरून बघतो, अंग चोरून बसतो. त्या खोलीत निकोल आणि सायमन अक्षरशः अंग चोरून बसलेले आहेत. आणि ज्या देवाला आपण लोणीचोर म्हणून डोक्यावर घेतो, त्यानेही सुरुवात स्वतःच्या घरच्या शिंक्यापासूनच केली होती.

चोरीचे चित्रपट वायलर यांच्या आधी पुष्कळ झाले होते आणि त्यातले काही अव्वल होते. अमेरिकेत जॉन ह्यूस्टन यांनी १९५० साली 'द अॅस्फाल्ट जंगल' केला. पॅरिसमध्येच १९५५ साली ज्यूल्स दासँ यांचा 'रिफिफी' आला. त्यातली जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी अर्धा तास चालते आणि त्या अर्ध्या तासात ना संवाद, ना संगीत. इटलीत मारिओ मोनिचेली यांनी १९५८ मध्ये असल्या चित्रपटांची भरपूर टर उडवली. १९६४ मध्ये पुन्हा दासँच, 'टॉपकापी' घेऊन. या सगळ्या परंपरेचा एक धागा सरळ वायलर यांच्या संग्रहालयात येतो. 'रिफिफी'चं नेपथ्य अलेक्झांडर त्राउनर यांचं होतं. बुडापेस्टमध्ये जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला हा माणूस. तिथे त्यांनी चोरांसाठी दुकान उभारलं, इथे बूलोन्यच्या स्टुडिओत अख्खं संग्रहालय उभारलं: जिने, कमानी, दालनं आणि ती झाडूंची खोलीसुद्धा. बॉनेंच्या घरात टांगलेली चित्रं या चित्रपटासाठी मुद्दाम काढून घेतली होती. म्हणजे नकली चित्रांच्या नकला. चित्रपट बघताना नायक-नायिकेवरून नजर काढून एकदा तरी भिंतींकडे बघा.

या परंपरेत एक अडचण होती आणि ती हॉलिवूडने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती. १९३०मध्ये तिथल्या स्टुडिओंनी एक आचारसंहिता स्वीकारली, १९३४ पासून तिचा अंमल कडक झाला. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे जाता कामा नये, असा तिचा दंडक होता. त्यामुळे चोर कितीही हुशार असला, कितीही लोभस असला, तरी शेवटी पकडला जायचा, मरायचा, किंवा लूट वाऱ्यावर उधळून जायची. एर्न्स्ट लुबिच यांच्या १९३२ सालच्या 'ट्रबल इन पॅरडाइज'मध्ये दोन चोर एकमेकांचे खिसे कापत प्रेमात पडतात आणि शेवटी मजेत निघून जातात. संहिता कडक झाल्यावर तो चित्रपट कित्येक वर्षं पुन्हा दाखवता आला नाही. ही संहिता १९६८मध्ये मोडीत निघाली. १९६६मध्ये ती पार खिळखिळी झाली होती, पण होती.

पटकथाकार हॅरी कुर्निट्झ यांनी यातून काढलेली वाट मला फार आवडते. कुर्निट्झ मुळात रहस्यकथांचे लेखक, टोपणनावाने कादंबऱ्या लिहिणारे, बिली वाइल्डर यांच्यासोबत 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'ची पटकथा केलेले. जॉर्ज ब्रॅडशॉ यांच्या एका कथेवरून त्यांनी हा चित्रपट बांधला. चोरी अशी रचली की मालकाचं काही जात नाही, कारण चोरणारी मालकच आहे. वस्तूचंही मोल बुडत नाही, कारण वस्तू मुळातच तेवढ्या मोलाची नाही. निकोल एका ठिकाणी सायमनला अगदी निरागसपणे सुनावते, की जे माझं नाही ते मी चोरेन असं वाटलं की काय तुम्हाला? तो लगेच माफी मागतो. मला हा संवाद नीतीचा म्हणूनही खरा वाटतो. पुतळ्याची किंमत खोटी, पण तिच्या आजीच्या खांद्यांची ती खरी प्रतिमा आहे आणि तिला ती परीक्षेच्या टेबलावर जाऊ द्यायची नाही.

नकली चित्रकाराची गोष्ट चित्रपटात हलकी वाटते, पण त्या पिढीला ती चांगली ठाऊक होती. नेदरलँड्सच्या हान व्हान मेगेरेन याने १९३७मध्ये एक चित्र व्हर्मीरचं म्हणून बाहेर आणलं. त्या वेळचा मोठा जाणकार अब्राहम ब्रेडियस याने ते मानलं, आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयात ते दिमाखात लागलं. रंग जुन्यासारखा कडक व्हावा म्हणून मेगेरेन त्यात बेकलाइट मिसळून चित्र भट्टीत भाजायचा. महायुद्धात त्याचं एक 'व्हर्मीर' नाझी नेता गोरिंगकडे गेलं. १९४५मध्ये राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला म्हणून त्याला पकडलं, तेव्हा सुटकेसाठी त्याला सांगावं लागलं की ते चित्र मीच काढलं आहे. कुणाचा विश्वास बसेना. मग पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक 'व्हर्मीर' काढून दाखवलं. १९४७मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगायला तो राहिला नाही. डिसेंबर संपता संपता गेला. बॉनेचं हसणं बघताना मला दर वेळी मेगेरेनचा तो पहाऱ्यातला स्टूल आठवतो. आपला हात किती तयार आहे हे जगाला कळावं ही ओढ दोघांनाही सारखीच असणार, आणि कळलं की संपलं, हेही दोघांना सारखंच.

संग्रहालयाच्या पहाऱ्याबद्दलही असंच. पुतळ्याभोवती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचं कुंपण आहे, किरण तुटला की घंटा कान किटवते. सायमनने हत्यार आणलं आहे ते एका खेळणीवाल्याकडून: बूमरँग. तो ते फेकतो, किरण तुटतो, घंटा होते, पोलीस धावत येतात. सगळं जागच्या जागी. घंटा पुन्हा लावून सगळे जातात. तो पुन्हा फेकतो. पुन्हा धावपळ, आणि आता शेजारपाजारच्या बड्या असामींची झोपमोड झालेली. वरून फोन येतात. शेवटी वैतागून पहारेकरी घंटाच बंद करून टाकतात. हे बघताना प्रेक्षक हसतात आणि मनात म्हणतात, असं कुठे होतं का.

तर व्हिएन्नाच्या संग्रहालयात चेलिनीचं एक खरं काम आहे. सोन्याचं, मिन्याकाम केलेलं, आबनुसाच्या बैठकीवरचं मीठदान. पृथ्वी आणि समुद्र समोरासमोर बसलेले, पाय एकमेकांत गुंतलेले. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वा राजासाठी चेलिनीने ते १५४० ते १५४३च्या दरम्यान पॅरिसमध्ये घडवलं. ११ मे २००३ रोजी पहाटे एक माणूस इमारतीला लावलेल्या परांचीवरून चढला, काच फोडून आत गेला आणि मीठदान घेऊन गेला. घंटा झाली होती. पहारेकऱ्यांना वाटलं उगाच वाजली, त्यांनी ती परत लावून ठेवली. मीठदान सापडलं ते २००६च्या जानेवारीत, जंगलात पुरलेल्या एका पेटीत. चित्रपटात खोटा चेलिनी जसा गेला, तसाच सदतीस वर्षांनी खरा गेला.

झाडूंच्या खोलीलाही पॅरिसमध्ये पूर्वज आहे. २१ ऑगस्ट १९११ला, सोमवारी, लूव्हर बंद असताना 'मोनालिसा' चोरीला गेली. चोर इटलीचा व्हिन्चेन्झो पेरुजा, पूर्वी तिथेच काम केलेला. आदल्या दिवशी तो संग्रहालयातल्याच एका अडगळीच्या खोलीत दडून राहिला असं पोलिसांचं म्हणणं होतं, आपण सकाळी कामगारांसोबत आत आलो असं तो स्वतः सांगत असे. अंगात कामगारांचा पांढरा डगला असल्यामुळे कुणी हटकलं नाही, एवढं मात्र नक्की. चित्र गेल्याचं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं. आपल्या चित्रपटातही निकोल शेवटी साफसफाईच्या बायकांमध्ये मिसळून जाते, सायमन पहारेकऱ्याचा गणवेश चढवतो. मोठ्या इमारतीत फडकं हातात असलेल्या बाईच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. हे वायलर यांनी नुसतं सोय म्हणून वापरलेलं नाही. जिच्या कपड्यांवर सगळ्या जगाची नजर असायची त्या नटीला त्यांनी त्या विटक्या झग्यात उभं केलं. १९५४च्या 'सब्रिना'पासून हेपबर्नचे कपडे करणारे झीव्हाँशी याही चित्रपटात आहेत, रिट्झच्या बारमध्ये ती डोळ्यांवर काळ्या लेसचा मुखवटा घालून बसते तो प्रसंग तर कपड्यांसाठीच लक्षात राहतो. झगा बघून सायमन म्हणतो की यामुळे झीव्हाँशींना एक रात्र सुट्टी मिळेल. आणि मग ती त्या झग्यात फरशी पुसायला बसते, आणि मी पैजेवर सांगते, संबंध चित्रपटात ती तेवढी सुंदर दुसऱ्या कुठल्याच कपड्यात दिसलेली नाही.

वायलर त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. आल्सासमध्ये म्युलूझला जन्म, दिग्दर्शनाची तीन ऑस्करं, महायुद्धात विमानातून चित्रण करताना गेलेला कान. एकेक दृश्य पुन्हा पुन्हा घ्यायला लावणारा कठोर माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. हेपबर्नला त्यांनीच १९५३च्या 'रोमन हॉलिडे'मध्ये जगापुढे आणलं, हा त्यांचा एकत्र तिसरा चित्रपट. पण माझ्या मते याची खरी जोड 'रोमन हॉलिडे'शी लागत नाही. ती लागते याच्या लगेच आधीच्या, १९६५च्या 'द कलेक्टर'शी. त्यात फुलपाखरं जमवणारा एक तरुण आवडलेल्या मुलीला पळवून तळघरात कोंडतो, ती आपल्यावर प्रेम करील म्हणून वाट बघतो आणि ती तिथेच मरते. बघताना जीव गुदमरतो. त्या तळघरातून बाहेर पडल्यावर वायलर यांनी काय केलं, तर पुन्हा एक पुरुष आणि एक बाई, पुन्हा एक कोंदट खोली, पुन्हा बाहेरून कुलूप. पण या वेळी दोघं आपल्या पायांनी आत गेलेली आणि किल्ली दोघांनी मिळून काढायची. एकाच माणसाने लागोपाठ दोन वर्षांत या दोन खोल्या दाखवाव्यात, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण जमलं तर दोन्ही चित्रपट एका आठवड्यात बघा.

त्या खोलीचं चित्रण छायाचित्रकार चार्ल्स लँग यांचं. पडदा रुंद, पॅनाव्हिजनचा, डोंगर-समुद्र दाखवायला काढलेला. त्यात त्यांनी हातभर रुंदीची खोली बसवली. दोन्ही कडांना अंधार आणि मध्ये दोन चेहरे, एकावर उजेडाची पट्टी. इतक्या मोठ्या पडद्यावर इतकी थोडी जागा असली की एखाद्याने मान वळवली तरी ती घटना होते. ओटूल १९६२च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त वाळवंटाच्या पसाऱ्यात ज्या डोळ्यांनी बघत होते, ते डोळे इथे वीतभर अंतरावर बघतात. पार्श्वसंगीत जॉन विल्यम्स यांचं, श्रेयनामावलीत तेव्हा 'जॉनी' असं लिहिलेलं. 'जॉज' नऊ वर्षं लांब होता.

दोष आहेत, ते झाकत नाही. दोन तासांहून थोडा मोठा हा चित्रपट पहिल्या अर्ध्यात रेंगाळतो. एली वॉलॅक यांनी केलेला अमेरिकन धनाढ्य लेलंड आधी पुतळ्याच्या आणि मग पुतळ्यापायी निकोलच्या मागे लागतो, तो भाग मला दर वेळी लांबल्यासारखा वाटतो. पण लेलंड नसता तर पुतळ्याचं शेवटी काय करायचं हा प्रश्न सुटला नसता. ज्याला वस्तू फक्त आपल्यापाशी हवी, कुणाला दाखवायचीही नाही, अशाच माणसाकडे ती सुरक्षित राहणार. सायमन ती नेमकी त्याच्याच गळ्यात बांधतो. ते करताना त्याने घातलेली अट तुम्हीच पडद्यावर ऐका.

बॉनेला शिक्षा होत नाही, हा आणखी एक आक्षेप. यापुढे करणार नाही असा शब्द तो देतो आणि तो शब्द किती टिकतो हे शेवटच्या काही मिनिटांत दिसतं. मला यात ढिलाई दिसत नाही. वायलर यांना त्या म्हाताऱ्याबद्दल माया आहे, आणि नकली वस्तू विकत घेणाऱ्यांच्या हव्यासाबद्दल राग. चित्रपटाची सुरुवातच त्यांनी लिलावापासून केली आहे. हातोडा पडतो आणि एक 'सेझान' ५ लाख १५ हजार डॉलरला जाते. ती बातमी निकोल आपल्या छोट्या लाल गाडीत ऐकते आणि तशीच घराकडे वळते. त्या लिलावाच्या दृश्यात कॅमेरा चित्राकडे कमी आणि बोली लावणाऱ्यांकडे जास्त वळतो. दिवे मालवले की आधी त्या चेहऱ्यांकडे बघा. त्यातला एकही माणूस चित्राकडे बघत नाही.